उजेड पाहुण्यांकडे गेला

नाशिकहून सकाळच्या बसने निघालो तेव्हा मी अत्यंत शांत गृहस्थ होतो. परतताना शेजारच्या प्रवाशाने जागा बदलून घेतली. मधल्या एका संध्याकाळची ही करामत.

संभाजीनगरात माझी आतेबहीण शकूताई राहते. पंचवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये गायली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच तिची स्वतःची मैफल होती. शेवटी ती तिच्या आईची अंगाई म्हणणार होती. फुलंब्रीच्या शेतात बाभळीला झोळी बांधून आत्या म्हणायची, तीच.

दुपारी नान-खलिया (जाड नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) हाणून मी उघड्या रंगमंचावर पोचलो. शकूताई प्रकाशयोजनेच्या सलीमभाईंना बजावत होती, "भाऊ, अंगाईला नुस्ता पिवळा. कंदिलावानी. बाकी काय नाय."

"हौ (हो) ताई. फिकर नक्को."

त्यांनी एकेक रंग टाकून दाखवलाच. निळ्यात शकूताई थंडीने काकडलेली दिसली, लालात भांडायला उठलेली. पिवळा पडला आणि तिथे माझी आत्या उभी होती! मी चष्मा पुसला.

मैफल रंगली. केशरी उजेडात लोकांनी ठेका धरला, निळ्यात माझ्या शेजारच्यांनी शेंगदाणे फोडणं थांबवलं. मग पिवळा. अंगाई. दुसरी ओळ चालू असताना दाराशी गडबड उडाली. प्रमुख पाहुणे आले, दीड तास उशिरा. आणि तो पिवळा गोल ताईच्या चेहऱ्यावरून उचलला जाऊन थेट पाहुण्यांवर! वर हिरवे-जांभळे झोत गरगरू लागले, धूर सुटला. ताई अंधारात गात होती.

मी धावलो. "सलीमभाई, काय चाललंय हे?"

"कमिटी का हुकूम, साब. साहेब आले की लाईट साहेबांवर."

"आणि गाणं?"

"मैं भी पूछा. गाना तो अंधेरे में भी सुनाई देता, बोले."

यावर मी कमिटीबद्दल जे बोललो ते छापण्याजोगं नाही, पण चाल लावली असती तर गाजलं असतं.

तेवढ्यात गाणं थांबलं. माइकवरून आवाज आला, "लाईट तिकडं गेली व्हय? थांबा, मीच येते."

पदर खोचून ताई पायऱ्या उतरली आणि त्या गोलात, पाहुण्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"बसा साहेब. लई उशीर झालाय, लेकराला झोपवायचंय."

तिने अंगाई पहिल्यापासून धरली. पाहुणे बसले, हातातला पुष्पगुच्छ तान्ह्या बाळासारखा आडवा धरून. सलीमभाईंनी एकेक रंग विझवला. पिवळा तेवढा ठेवला. धूरसुद्धा शहाण्यासारखा खाली बसला.

नंतर पाहुण्यांचं भाषण झालं, लख्ख पांढऱ्या उजेडात. आभारात त्यांचं नाव तीनदा आलं, ताईचं राहून गेलं.

बसमध्ये हे सांगताना माझा आवाज चढत गेला. शेजारी चाचरत म्हणाला, "पण गाणं झालं ना छान?"

झालं हो! पण स्वतःच्या मैफलीत तिला उजेडापर्यंत चालत जावं लागलं, त्याचं काय?

यावर त्याने जागा बदलली.