मनोऱ्यावर शून्य पक्षी

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी हेझेल कॅचपोल होडीतून मनोऱ्यावर पोचली तेव्हा दोन रंगारी दोरांना लटकून पक्ष्यांची शीट रंगवत होते. पांढऱ्या रंगाचा डबा, लांब दांड्याचे ब्रश, आणि कंपनीने दिलेला एक आराखडा. कोणत्या फळीखाली किती ओघळ काढायचे, किती लांब, किती जाड, सगळं त्यात मापासकट होतं.

“बाई, हे खरे वाटतात का हो?” एकाने वरून विचारलं. “तुम्ही यातल्या तज्ज्ञ आहात म्हणे.”

“खऱ्यात थोडी हिरवट झाक असते,” हेझेल म्हणाली.

त्याने ते फारच मनावर घेतलं आणि डब्यांमध्ये हिरवा रंग शोधायला लागला. हेझेल कठड्याला धरून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, ओकारी आलीच तर पाण्यात जावी म्हणून.

वास्तविक ती काही नाजूक पोटाची बाई नव्हती. तिची आई बेरिल हिने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट बंदरावर तीस वर्षं मासे चिरले होते. घरात उशांपासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळ्याला हेरिंग माशाचा वास यायचा. शिकायला गेल्यावर हेझेलने किनाऱ्याला लागलेली, आठ-आठ दिवस सडलेली डॉल्फिनची धुडं फाडून त्यांच्या पोटातले काटे मोजले होते, आणि हात धुऊन तिथेच डबा खाल्ला होता. पुढे बारा हिवाळे ती उत्तर समुद्रावर बोटीच्या नाळेवर उभी राहून पक्षी मोजत राहिली. थंडीने डोळ्यांतून पाणी आणि नाकातून शेंबूड, पण मोजणी चुकू दिली नाही. पवनचक्क्यांची रांग उभी राहील तिथे कोणते पक्षी किती येतात, किती उंचीवरून उडतात, हे तिच्या वह्यांवरून ठरलं.

पवनचक्क्यांवर तिचा राग नव्हता. पाणी तापतंय आणि पक्ष्यांचे बारके मासे दर वर्षी कमी होतायत, हे तिने स्वतः पाहिलं होतं. वाऱ्यावर वीज निघत असेल तर निघू दे, असं ती पबमध्ये भांडून सांगायची. फक्त पात्यांना धडकून दर वर्षी काही किटिवेक मरणार, हेही तिच्याच आकड्यांतून निघालं होतं. किटिवेक म्हणजे कबुतराहून जरा मोठा समुद्रपक्षी. पाठ राखाडी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, आणि दिवसभर स्वतःचंच नाव घेऊन ओरडायची सवय. सरकारने कंपनीला अट घातली, की जितके माराल तितके दुसरीकडे वाढवून द्या. म्हणून किनाऱ्याजवळ पाण्यात हा पोलादी मनोरा उभा राहिला. कड्यावर असतात तशा अरुंद फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे रंगवलेले किटिवेक, आणि पक्ष्यांच्या वस्तीचा गलका ऐकवणारा कर्णा. गलका मुद्रित करताना कुणीतरी खोकला होता. दर चार मिनिटांनी तो खोकला समुद्रावर घुमायचा.

मनोऱ्यावर आलेले पक्षी मोजायचे, हे हेझेलचं काम. दोन वर्षं ती दर सोमवारी जाऊन शून्य लिहीत होती. एकावन्नाव्या वर्षी शून्य लिहायचा पगार मिळतो, याची आधी तिला गंमत वाटायची. शीट रंगवताना पाहिलं त्या दिवशी ती गंमत संपली.

त्याच सोमवारी एक खराखुरा किटिवेक आला. वरच्या कठड्यावर बसला, प्लास्टरच्या शेजाऱ्याकडे मान वाकडी करून पाहिलं, पिसं साफ केली आणि अकरा मिनिटांनी उडून गेला. हेझेलने तसं वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा ज्युलियन संगणकाच्या पडद्यावर आला. तिच्याहून वीस वर्षांनी लहान, कायम आनंदात असलेला गृहस्थ.

“हेझेल! किती छान बातमी! आपण असं लिहू या का, की जागेची पाहणी करणारं जोडपं?”

“जोडपं कुठलं? एकच होता.”

“दुसरा आसपास असेलच की.”

“असेल. स्पेनमध्येही असेल.”

ज्युलियन मनमोकळं हसला. “म्हणून तू आवडतेस मला,” तो म्हणाला, आणि विषय तिथेच राहिला.

खरे किटिवेक गावात होते. लोस्टॉफ्टला कडे नाहीत, त्यामुळे त्यांनी लंडन रोडवरच्या खिडक्यांचे कट्टे आणि चर्चचे कंगोरे धरले होते. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानावर तर सगळ्यात दाट वस्ती. खालची फरशी मार्चपासून ऑगस्टपर्यंत पांढरी. लोक छत्री उघडून तेवढा पट्टा ओलांडत आणि पाखरांच्या आयाबहिणींचा उद्धार करत. दुकानाच्या मालकाने, स्टॅनार्डने, फेब्रुवारीत अख्ख्या दर्शनी भागाला जाळी लावून घेतली. लावणाऱ्याने घाईत ती ढिली सोडली. मार्चमध्ये पक्षी आले, फटीतून आत शिरले, घरटी बांधली. बाहेर पडताना काही अडकले.

हे हेझेलला आईने सांगितलं. बेरिलची बस तिथूनच सुटायची.

“अगं, तुझं एक पाखरू तिथे उलटं लटकलंय. काल पंख मारत होतं, आज नुसतं बघतंय. खाली एक बाई मुलीला चिप्स भरवत होती आणि फोनवर त्याचं चित्रण करत होती. मला तर उलटी व्हायची वेळ आली.”

“तुला? माशांची आतडी काढणाऱ्या बाईला?”

“मासे मेलेले असायचे गं,” बेरिल म्हणाली.

हेझेलने स्टॅनार्डच्या कचेरीत फोन केला. तिथल्या यंत्राने तिची तक्रार मोलाची असल्याचं चारदा सांगितलं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला माणूस भला होता, पण मालकाच्या परवानगीशिवाय त्यालाही वर चढता येत नव्हतं. शेवटी तिने ज्युलियनला विचारलं. कंपनीची उंच शिडी आणि दोराचा पट्टा मिळेल का? एका दिवसापुरता?

“मला समजतंय गं तुझं दुःख,” ज्युलियन म्हणाला. “पण तो पक्षी आपल्या प्रकल्पात येत नाही.”

“पक्षी तोच आहे, ज्युलियन. तुझ्या मनोऱ्यावर यावा म्हणून आपण कर्णे लावलेत, तोच.”

“मनोऱ्यावर आला की तो आपला.”

हेझेलने फोन ठेवला आणि तळहात पँटला पुसला, काहीतरी चिकट लागल्यासारखा.

डेरिक उटिंग तिच्या शाळेतला. खिडक्या धुण्याचा धंदा, टक्कल, आणि उंच भिंतींसाठी माणसाला वर उचलणाऱ्या पाळण्याची गाडी.

“डेरिक, शनिवारी गाडी मोकळी आहे का?”

“कुणाच्या खिडकीत चढायचंय? या वयात?”

“स्टॅनार्डच्या.”

“त्याच भिंतीची शीट धुवायला त्यानेच मला ठेवलंय, हेझेल. तुला वर चढवलं तर काम जाईल माझं.”

“बरं. मग राहू दे.”

“राहू दे काय? तुझ्या पाखरांनी गेल्या जूनमध्ये माझं टक्कल तीनदा रंगवलंय, माहितीय ना तुला?”

“माहितीय.”

“दहाला ये. आणि माझ्यासाठी एक टोपी आण.”

शनिवारी सकाळी बाजाराची गर्दी होती. पाळणा वर जायला लागला तसा त्या गल्लीचा वास जवळ आला: सडके मासे, अमोनिया, आणि खालून उठणारा तळणीचा धूर. पहिला पक्षी मेलेलाच होता. डोळ्यांच्या जागी अळ्या वळवळत होत्या. हेझेलने तो कापून काढला आणि डेरिकच्या बादलीत ठेवला. डेरिक दुसरीकडे बघत मोठमोठ्याने शीळ घालत होता.

“अगं ए, तो फेकू नकोस!” खालून एकजण ओरडला. “पिठात बुडवून तळून देतील समोर!”

खाली हशा पिकला. बरेच फोन वर झाले.

दुसरा पक्षी जिवंत होता. जाळीचे दोन पीळ पायाच्या मांसात रुतले होते. हेझेलने एका हाताने त्याचं डोकं झाकलं आणि नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा तोडला. सुटल्याबरोबर त्याने तिच्या गळ्यात भडाभडा ओकून घेतलं. गरम पाणी छातीवरून आत ओघळलं.

“देवा!” डेरिक म्हणाला.

हेझेलने कॉलरवरून दोन बोटांनी एक बारका मासा उचलून पाहिला. “ताजा आहे,” ती म्हणाली. “म्हणजे जोडीदार भरवत होता याला. अडकलेला असतानाही.”

त्या अख्ख्या आठवड्यात किळस न आलेली ही एकच गोष्ट होती.

तिने फटीभोवतीची जाळी हातभर रुंद कापली. खाली उतरली तोवर स्टॅनार्ड येऊन उभा होता. नीटनेटका म्हातारा, इस्त्रीचा कोट.

“बाई, ती माझी भिंत आहे! जाळी मी कायद्याने लावलीय. दर आठवड्याला तपासतो मी ती.”

“हो?” हेझेलने बादली पुढे केली. “याला दहा दिवस झालेत. अळ्यांवरून कळतं मला. मधल्या आठवड्यात कुठे बघत होतात तुम्ही?”

स्टॅनार्डने रुमाल नाकाला लावला. “ही जनावरं घाण करतात,” तो रुमालातून म्हणाला.

“करतात,” हेझेल म्हणाली. गर्दीतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यातलाच एकजण मघाशी तळून खायचं म्हणाला होता. तिला त्या टाळ्या स्टॅनार्डच्या रुमालाहून जास्त घाण वाटल्या.

पक्षी तिने घरी नेला. पाय वाचला नाही, पण समुद्रपक्ष्याचं एका पायावर भागतं. चौथ्या दिवशी धक्क्यावरून सोडला तेव्हा तो मागे न बघता गेला.

पुढचा सोमवार ज्युलियनचा होता. तो रागावलेला असेल अशी तिची अपेक्षा. तो तर फुलून आला होता.

“हेझेल, किती लोकांनी पाहिलंय ते चित्रण, कल्पना आहे तुला? वरच्या मंडळींना फार आवडलंय. आपण माहितीपत्रक काढतोय. मुखपृष्ठावर तू. आमची शास्त्रज्ञ, पक्ष्यांची तारणहार. ओकारी तेवढी पुसून घेतलीय फोटोतली, काळजी करू नकोस.”

“तो पक्षी तुमच्या प्रकल्पात येत नव्हता ना?”

“आता येतो,” ज्युलियन म्हणाला, अगदी निरागसपणे.

पत्रकाचा मसुदा तिने त्याच दुपारी पाहिला. फोटोतला तिचा शर्ट पांढराशुभ्र. आतल्या पानावर मनोऱ्याचं चित्र आणि खाली ओळ: मनोऱ्यावर पहिलं जोडपं दाखल. तिच्या अहवालातही तेच घुसडलं होतं, आणि शेवटी तिची सही. ती तशीच उठून मोरीत गेली आणि सकाळचा नाश्ता ओकून आली. तिच्या गळ्यात पक्षी ओकला तेव्हा तिला किळसही आली नव्हती.

त्या संध्याकाळी तिने परवाना देणाऱ्या खात्याला पत्र लिहिलं. अहवालावरची सही मागे घेते, मूळ वहीची पानं सोबत जोडली आहेत, पक्षी एक, वेळ अकरा मिनिटं. बेरिलने पाकिटावर तिकीट चिकटवलं.

“नोकरी जाईल गं.”

“जाईल.”

“आणि त्यांना काय होईल?”

“काही नाही, आई.”

तसंच झालं. सात आठवड्यांनी खात्याचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे. कंपनीने अहवाल दुरुस्त केला, म्हणजे पान एकेचाळीसच्या तळाशी बारीक टाइपात ‘जोडपी: शून्य’ असं छापलं. पत्रक मात्र वाटून झालं होतं. हेझेलचा करार पुढे वाढवला नाही; ज्युलियनने फुलं पाठवली. डेरिकचं स्टॅनार्डकडचं काम सुटलं. “त्या म्हाताऱ्यापेक्षा पाखरं बरी, निदान तोंडावर शिटतात,” असं तो पबमध्ये सगळ्यांना सांगत होता.

ऑक्टोबरात पक्षी गेल्यावर स्टॅनार्डने नवी जाळी लावली, या वेळी ताणून, नियमाला धरून. मार्चमध्ये किटिवेक परत आले. तीन दिवस जाळीला धडका देत ओरडत राहिले. मग पांगले. कुणी बँकेवर, बरेचसे चर्चवर. आणि एक जोडपं, खरंखुरं, मनोऱ्यावर गेलं.

हेझेलच्या जागी आलेली रोवेना हिने फोन करून ते सांगितलं. ती पोर बिचारी हरखून गेली होती.

“तुम्हाला पहिलं कळावं असं वाटलं. कंपनीने तर गेल्या वर्षीचं जोडपं धरून ‘वस्ती दुप्पट’ असं जाहीरही केलंय.”

हेझेल दुर्बीण घेऊन धक्क्याच्या टोकाला गेली. होते. प्लास्टरच्या पक्ष्याच्या पाठीला टेकवून चिखल-गवताचं घरटं लावत होते, आणि त्यातली मादी मधूनच त्या प्लास्टरच्या डोक्यावर टोच मारत होती. पंचवीस वर्षं पक्षी पाहणाऱ्या बाईने अशा वेळी नुसतं खूश व्हावं. तिच्या मनात आधी ज्युलियनचा हसरा चेहरा आला. पक्ष्यांआधी तो यावा, याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली, आणि ती स्वतःची होती म्हणून झटकताही येईना. हात गारठेपर्यंत ती तिथेच बघत उभी राहिली.

जूनमध्ये मनोऱ्यावर एक पिल्लू निघालं म्हणे. ते उडालं की नाही, हे तिला कळलं नाही. पाद्रीबाईंनी तिला चर्चच्या गच्चीची किल्ली दिली होती, खालच्या पायऱ्या रोज धुवायच्या बोलीवर. ती सकाळी पायऱ्या धुवायची आणि मग वर चढायची. एकशे चौदा घरटी होती, आणि उत्तरेची बाजू अजून मोजायची राहिली होती.