काकूंची काचपेटी

"छान दिसंल, ते मला सांगू नका. जगंल का, तेवढं सांगा."

कढीपत्त्याचं रोप घेताना काकू असं म्हणायच्या, आणि कोंबडीचं पिल्लू घेतानाही. मग चष्म्यावरून समोरच्याकडे बघत राहायच्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली होती. उत्तराला फाटे फोडलेले त्यांना चालत नसत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्यापुढे आपण उगाचच सरळ उभे राहतो.

त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत, त्या आणि गुरुजी. गुरुजी म्हणजे त्यांचे यजमान, देवगाव रंगारीच्या शाळेतले मास्तर. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची आठवण झिजू लागली. सकाळ बरी जायची. दिवेलागण झाली की ते चपला घालून दारात उभे राहत.

"चला, घरी जाऊ. अंधार पडायला लागला."

"हेच घर हाय आपलं," काकू म्हणायच्या. गुरुजींना ते पटायचं नाही. एकदा ते निघूनही गेले. बसस्टँडवर सापडले तेव्हा दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. बिडकीनकडच्या कंपनीत असलेला मुलगा म्हणायचा, आई, दोघंही इकडं या. काकू म्हणायच्या, "हेच घर त्यांना वळखू येईना. तिथलं काय उमजंल?"

एका संध्याकाळी त्या गुरुजींना घेऊन आमच्याकडे आल्या. बैठकीत माझी माशांची काचपेटी आहे, आत पाणवनस्पती लावलेल्या. गुरुजी तिच्यासमोर बसले ते बसलेच. घरी जायचं नावही काढलं नाही. काकू पेटीकडे बघत नव्हत्या, गुरुजींकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या. "भाऊ, तसली पेटी मला करून द्या."

आम्ही तिघं औरंगपुऱ्याच्या बाजारात, माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं लगेच लाल पानांची एक वनस्पती पुढे केली. "आंटी, ये देखो. बड़ी लाइट लगाओ, पानी में गॅस छोड़ने का सिलेंडर लगाओ, फिर क्या रंग आता देखो!"

"साध्या लाइटीत जगंल का?"

"साधी लाइट में? नक्को आंटी, गल जाता ये."

"मग नको."

मी सुचवलं ते त्यांनी घेतलं. एक मंद एलईडी दिवा, जाड पानांचं अनुबियास, दगडाला बांधायचा जावा फर्न आणि गवतासारखी वाढणारी व्हॅलिस्नेरिया. कमी उजेडात, फार लाड न करता तगणाऱ्या वनस्पती. पैसे देऊन वळलो तर गुरुजी त्या लाल पानांपुढे उभे. काचेला बोट लावून म्हणाले, "हे आपल्याकडं होतं."

कधीच नव्हतं. काकूंनी पुन्हा पर्स उघडली. मग दुकानदाराला म्हणाल्या, "ते पण द्या."

जगंल का, हे त्यांनी विचारलं नाही.

दिवा फार वेळ ठेवू नका, शेवाळ धरेल, असं मी बजावलं होतं. म्हणून काकूंनी तो सकाळी लावला आणि संध्याकाळी बंद केला. थोड्या वेळानं खालून ओरडणं ऐकू आलं. मी धावत गेलो. पेटीतला दिवा विझलेला, खोलीतली ट्यूब लागलेली, आणि अंधाऱ्या काचेत गुरुजींना त्यांचाच चेहरा दिसत होता.

"म्हातारा बुडतोय! काढा त्याला!" त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते. झाडं उपटून वर आली होती.

काकूंनी त्यांना मागून मिठी घातली होती. "काढला, काढला. बघा, गेला तो." त्यांचा आवाज शांत होता.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता दिवा बंदच करत नाय."

"मग शेवाळानं झाडं गुदमरतील, काकू."

त्यांनी विचार केला. "दिवसा अंधार ठेवला तर? झाडाला दिवस काय न रात्र काय."

बरोबर होतं ते. त्या दिवसभर पेटीवर जुनं लुगडं टाकून ठेवू लागल्या. दिवेलागणीला लुगडं काढायच्या, दिवा लावायच्या आणि गुरुजी झोपल्यावरच तो बंद करायच्या. ओरडणं थांबलं. सगळं थांबलं असं नाही. पेटीसमोर बसल्या बसल्या गुरुजी मध्येच विचारायचे, "सिस्टर, तुमची ड्यूटी कधी संपते?"

"संपंल की," काकू म्हणायच्या.

लाल वनस्पती गळणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण जाईन तेव्हा ती टवटवीत. एकदा मी म्हणालो, "काकू, तुमच्या हाताला गुण आहे."

"गुण कसला? मरतंय ते. मी नवं आणते."

"दर वेळी? कशाला?"

त्या लुगड्याची घडी घालत होत्या. "एकदा नव्हतं आणलं, तर हे म्हणले, लाल कुठं गेलं? भाऊ, माझं नाव त्यांना ठावं नाय. पण काय गेलं, एवढं अजून कळतंय. तेवढं तरी कळू द्या की त्यांना."

जिन्यात त्या छातीवर हात ठेवून थांबताना मी पाहिलं होतं. गॅस झालाय म्हणायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी बघितलेली बाई. मी विश्वास ठेवला. मग एका दुपारी औरंगपुऱ्यातून परत येताना, रिक्षातून उतरून त्या फाटकातच खाली बसल्या. त्याच रिक्षातून आम्ही शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी गुरुजींपाशी मी बसलो. काकूंच्या पिशवीतलं नवं लाल रोप मीच पेटीतल्या वाळूत खोचलं. हात ओला होता, डोळे पुसता येत नव्हते. दारात माणसं जमत होती. गुरुजींनी विचारलं, "कुणाकडं काय झालं?"

मुलगा त्यांना बिडकीनला घेऊन गेला. त्याच्या खोल्या लहान, म्हणून पेटी माझ्याकडे आली.

नंतर एकदा मी त्यांना भेटायला गेलो. गुरुजी फार वाळले होते. खिडकीजवळच्या दिवाणावर अगदी कडेला बसले होते, उरलेला दिवाण मोकळा. मी शेजारी टेकायला गेलो तर त्यांनी हात आडवा धरला.

"इथं नका बसू."

"का, गुरुजी?"

"कुणाची तरी जागा आहे." त्यांनी त्या रिकाम्या चादरीकडे बराच वेळ बघितलं. "कुणाची, ते ध्यानात येत नाही."

सून दारातून हळूच म्हणाली, "कुणालाच बसू देत नाहीत, भाऊ."

मी खाली फरशीवर बसलो.