उजवा खांदा अर्धा इंच खाली

मी विमा कंपनीत दावे तपासते. दुकानाला आग लागली असं कुणी सांगितलं, की मी राख नंतर बघते, आधी सांगणाऱ्याचे हात बघते. घरचे म्हणतात, या नोकरीनं मला संशयी केलं. चूक. स्वभाव आधीचा, नोकरी नंतरची. ज्या मुलीचा बाप आयुष्याची पहिली एकोणीस वर्षं दोन वाक्यांत उरकतो, ती दुसरं काय होणार?

ती दोन वाक्यं अशी. "आम्ही ज्यू होतो, तिथे राहणं शक्य नव्हतं. मी बोटीत बसलो." पुढचं विचारलं की बाबा तोंडात टाचण्या धरायचे. तोंडात टाचण्या धरलेल्या शिंप्याशी हुज्जत घालता येत नाही.

बाबा ऐंशीव्या वर्षी गेले. आमच्यात वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवतात, त्यासाठी सिनेगॉगच्या कारभाऱ्यानं मला फॉर्म दिला होता. दगडावरचा मजकूर आईनं सांगून ठेवला होता : 'एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता.' खाली, ज्यांना कबरच मिळाली नाही अशा घरच्या माणसांच्या नावांसाठी तीन ओळी होत्या. पहिल्या दोन ओळींत मी बाबांच्या आईवडिलांची नावं लिहिली. सही करून फॉर्म गुरुवारी द्यायचा होता. मंगळवारी मी दुकान आवरायला गेले.

मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर, एका आकड्याला खाकी कागदाचे कापलेले कोट लटकत होते. म्हणजे पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, असा एकेक संच दोऱ्यानं बांधलेला. शिंपी कापड बेतण्याआधी असे कागद कापतो, त्यात नवल नाही. पण गिऱ्हाइकांचे कागद पुढच्या कपाटात असायचे, 'दाढीवाला', 'डॉक्टरीणबाई' असं लिहून. हे मागे का? मी वरचे दहा-बारा संच सोडून पाहिले. सगळे एकाच बाईचे. प्रत्येकावर एक साल, महिना कायम तोच, आणि बाबांच्या जुन्या भाषेत उजवीकडून डावीकडे लिहिलेला एकच शब्द. ती लिपी मला येत नाही. तीही बाबांनी शिकवली नाही.

मनात शंकेची पाल चुकचुकली. शिंप्याची मुलगी असल्यानं मला कागदावरून माणूस वाचता येतो. बाई म्हातारी होती, पाठीत वाकलेली. वाकलेल्या माणसाचा कोट मागून लांब आणि पुढून आखूड कापावा लागतो, तसाच तो कापला होता. आणि प्रत्येक संचात उजवा खांदा अर्धा इंच खाली होता.

आईचे खांदे अगदी सरळ आहेत, त्यामुळे ती बाद. उजवा खांदा अर्धा इंच खाली असलेली माणसं मी दोनच पाहिलीत, एक बाबा आणि दुसरी मी. कुठलाही शिंपी अशा खांद्यात कापसाचं जाड अस्तर घालून तो झाकतो. बाबा जगाचे खांदे झाकायचे, माझा मात्र कधी झाकला नाही. शाळेत मुली मला 'कलती' म्हणायच्या. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तरी बाबांचं एकच, "तो तसाच राहू दे." तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

तेव्हा बाबांच्या रक्ताची आणखी एक बाई, आमच्यापासून लपवलेली मुलगीच बहुधा, कुठेतरी होती, दरवर्षी बाबा तिचं माप घेत होते, आणि मी मात्र दगडावर 'एकनिष्ठ' लिहून खाली सही करणार होते. आयुष्यात मी खोट्या कागदावर सही केलेली नाही.

मी तडक दुकानातल्या जुन्या इस्त्रीवाल्याच्या घरी गेले. बाबांबरोबर चाळीस वर्षं काढलेला हा माणूस त्यांच्याच गावाकडचा. मी एक संच त्याच्या मांडीवर ठेवला.

"काका, हा शब्द काय आहे?"

त्यानं चष्मा पुसला. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसला. "चिमणी."

"गिऱ्हाईक होतं का कुणी?"

"गिऱ्हाईक नव्हे."

"मग कोण?"

"मला कशाला विचारतेस? तुझ्या आईला विचार ना."

"आईला माहीत आहे?"

"वर्षातून एक दिवस तुझे बाबा भरदुपारी शटर खाली ओढायचे," तो म्हणाला. "मला चहाला पिटाळायचे. आत कोण असायचं ते मी कशाला सांगू?" आणि त्यानं जे तोंड मिटलं, ते मिटलंच. ताकास तूर लागू देईना.

मी दुकानात परतले आणि आकड्यावरचं सगळं खाली काढलं. एकूण बासष्ट संच. नवे वर, जुने तळाशी. एकेक पसरत गेले तशी ती बाई माझ्यासमोर तरुण व्हायला लागली. पाठ सरळ झाली, कंबर बारीक झाली, मग बाह्या आखूड होत गेल्या. तळाचा संच तर खाकी कागदाचाही नव्हता, वर्तमानपत्राचा होता. कोट सात वर्षांच्या मुलीचा. साल बाबा बोटीत बसले तेच.

म्हणजे बाबा एकोणीस वर्षांचे आणि ती सात. बारा वर्षांच्या पोराला मुलगी होत नाही, एवढं विमा कंपनीलाही कळतं.

"सगळे काढलेस?" दारात आई उभी होती. इस्त्रीवाल्यानं तिला फोन केला असणार.

"आई, ही बाबांची बहीण ना?"

"हो. धाकटी. चिमणी म्हणायचे तिला." आई बाकावर टेकली. "बोटीत बसताना पुढच्या थंडीपर्यंत कोट पाठवतो म्हणाले होते तिला. मग तिकडून कुणाचीच पत्रं येईनात. आईवडिलांचं कळलं, पाहणारे लोक भेटले. हिला मात्र मेलेली कुणी पाहिलीच नाही. म्हणून तिच्यासाठी मृतांची प्रार्थना यांनी कधी म्हटली नाही. म्हणायचे, मी म्हटली तर मीच तिला मारलं असं होईल."

"पण मापं? ती कुणाची?"

"लहान होती तोवर गिऱ्हाइकांच्या पोरींची. लग्नानंतर माझी. मी तिच्याच वयाची ना. खांदा तेवढा ते कागदावर आपल्या हातानं उतरवायचे."

खांद्यावरून मी आईला बाद केलं होतं. वाकलेली पाठ मात्र रोज घरात समोर असून मला दिसली नव्हती. वीस वर्षांची तपासनीस मी!

संशय मात्र इतक्यानं जात नाही. "तू तिच्या वयाची होतीस म्हणून तर नाही ना त्यांनी लग्न केलं?"

"तेही विचारलं होतं मी."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, हात वर कर." आई हसली आणि मग पदराला डोळे पुसले. "चव्वेचाळीस वर्षं उभी राहिले, आपल्याला कधीच मिळणार नाही अशा कोटासाठी. एकदा चिडून म्हटलं, निदान एक तरी शिवा. तर म्हणे, अंगावर घालून बघितल्याशिवाय शिवायचा कसा?"

"आणि माझा खांदा?"

"लाडानं नाही गं, स्वार्थानं. तो खांदा बघून ती तुला रस्त्यात ओळखेल, असं वाटायचं त्यांना."

मला हुंदका आवरला नाही. बाबांचा राग आला, भयंकर राग आला. मला चार शब्दांत सांगितलं असतं, तर मी तो खांदा मिरवला असता.

जरा वेळानं आईनं माझ्या पिशवीतला फॉर्म काढला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे तिचं नाव घालायचं का? आता ते नाहीत. तू लिहिलंस तर मी काही बोलणार नाही."

मी पेन उघडलं. आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी शिकवतात, की प्रेत नाही, साक्षीदार नाही, तर फाईल बंद करायची नाही. पेन मिटून मी 'एकनिष्ठ'च्या खाली सही केली. तिसरी ओळ रिकामीच ठेवली.

मग कॅलेंडर पाहिलं. महिना तोच होता. कपाटातून मी खाकी कागदाची गुंडाळी काढली, खिळ्यावरचा टेप गळ्यात अडकवला. मला धड काज करता येत नाही, कोट कापणं तर दूरच. पण मी काही म्हणायच्या आत आईनं शटर खाली ओढलं होतं, आणि ती माझ्याकडे पाठ करून, हात वर करून उभी होती.