चार मालकांचं हॉटेल

माझ्या वकिलीतली पहिली फी मी चहाच्या रूपात घेतली. अमरावतीच्या घरातून नवा काळा कोट घेऊन अकोल्याला आलो, त्याला दोन वर्षं झाली होती. कोटाची चमक टिकून होती, कारण तो वापरायची वेळ फारशी आली नव्हती. कोर्टासमोर एक हॉटेल होतं. पक्षकार नसले की मी तिथे बसत असे, म्हणजे बहुतेक दिवसभरच बसत असे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, वकीलसाहेब कामाच्या धबडग्यातून जरा चहाला आलेत.

त्या हॉटेलात पाच नोकर होते. त्यांतले सगळ्यांत जुने, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा रिद्धपूरकडचे, महानुभाव घरातले. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता आणि हॉटेलच्या धंद्याला तो काही मानवत नव्हता. गिऱ्हाइकाने ‘आलूबोंडे ताजे आहेत का’ असं विचारलं की मालक गल्ल्यावरून मोठ्याने खाकरायचे. मामा शांतपणे सांगायचे, “सकाळचे हायेत. तुमी चिवडा खा.” तरी मालकांनी त्यांना ठेवलं होतं. ज्याच्या भरवशावर गल्ला उघडा टाकून जेवायला जावं, असा दुसरा माणूस त्यांना मिळाला नव्हता.

आमची बसणारी मंडळी ठरलेली होती. दोन वकील, हायस्कूलचे एक मास्तर, पुराण सांगणारे एक शास्त्रीबुवा आणि मी. नव्या पैशांचे दिवस होते. एकदा पेपरात बातमी आली की हॉटेलांतल्या नोकरांना यापुढे सरकारने ठरवलेला किमान पगार द्यावाच लागेल. मीच ती मोठ्याने वाचली. सगळ्यांना फार आनंद झाला. आमच्यातल्या थोरल्या वकिलांनी त्या आनंदात समाजवादावर छोटंसं भाषण केलं आणि आणखी एक चहा मागवला.

मामा बशा उचलत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, “आमाले बी भेटन का हे?”

“तुमच्यासाठीच आहे, मामा.”

ते तिथेच उभे राहिले. “भेटलं तं बायकोले कापसाच्या जिनातून काढतो, सरकी काढाच्या कारखान्यातून. लय खोकून राहिली. रुई जाते ना छातीत. डागदर म्हनते, काम सोडा.” एवढं बोलून ते कप विसळायला गेले. त्यांच्याकडून इतकं लांबलचक बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मालकांनी बातमी ऐकल्यापासून अन्न सोडलं, असं तेच सगळ्यांना सांगत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पाचातले दोन नोकर काढले आणि भरपेट जेवले. उरलेल्या तिघांसाठी ते माझ्या टेबलाशी आले. “वकीलसाहेब, याच्यातून काई तरी वाट काढा.” मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी वाट विचारत होतं. मी चार दिवस पुस्तकं चाळली आणि मला शोध लागला: किमान पगार नोकराला द्यायचा असतो. नोकरच नसले तर कोणाला देणार?

मी स्टॅम्पपेपरवर भागीदारीचा करारनामा लिहिला. मालक, मामा आणि राहिलेले दोघे, असे एकूण चार भागीदार. दर महिन्याला जुन्या पगाराएवढीच रक्कम मिळायची, पण आता तिचं नाव ‘उचल’. नफ्याची वाटणी पहिले भागीदार, म्हणजे मालक, ठरवतील तेव्हा आणि ठरवतील तेवढी. या शेवटच्या वाक्यावर मी इतका खूश होतो की बाररूममध्ये दोघांना ते पाठ म्हणून दाखवलं. त्यांनीही वाहवा केली. फी म्हणून मालकांनी मला जन्मभर फुकट चहा कबूल केला.

सहीच्या वेळी मामा अडले. “हे खरं हाय ना, वकीलसाहेब? खोट्यावर मी सही करत नसतो.”

“स्टॅम्पावर आहे, मामा. याहून खरं काय असतं?”

मामांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि सही केली.

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. पण आमच्या मालकांना एखादं दुःख झालं की त्याची वसुली झाल्याशिवाय चैन पडत नसे. पगार एका पैशाने वाढला नव्हता, तरी तो वाढणार होता या धक्क्याचे पैसे त्यांना हवे होते. त्यांनी चहा दहा पैशांवरून बारावर नेला आणि दारात पाटी लावली: ‘नोकरवर्गाच्या पगारवाढीमुळे नाइलाजाने दर वाढविले आहेत. गिऱ्हाइकांनी सहकार्य करावे.’ मजकूर माझाच. ‘नाइलाजाने’ हा शब्द मी खास घातला होता.

पाटी वाचून आमच्या टेबलावर हाहाकार उडाला. ज्यांनी समाजवादावर भाषण केलं होतं, त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा. पगार जरूर वाढावा, पण त्याची झळ कपाला लागू नये, असं त्यांचं मत. मास्तर अर्धा चहा घेऊ लागले. शास्त्रीबुवा मामांकडे पाहून म्हणाले, “चैन आहे बुवा तुमची.” शिवाय निघताना बशीत दोन पैसे ठेवायची जुनी पद्धत होती, ती सगळ्यांनी मिळून बंद केली. मालक माणसाला बक्षीस देणं म्हणजे त्याचा अपमान करणं, यावर आमच्या टेबलाचं कधी नव्हे ते एकमत झालं. म्हणजे मामांचा पगार तोच राहिला, वरकमाई गेली आणि पाच जणांचं काम तिघांवर आलं. मी या वादात पडलो नाही. माझा चहा फुकट होता.

मामांनी मात्र मालकी मनावर घेतली. ते धुतलेली टोपी घालून येऊ लागले. फुटके कप त्यांनी उकिरड्यावर नेऊन टाकले. एका दुपारी “आपल्या हॉटेलात हे नाही चालत,” असं म्हणून सकाळचे आलूबोंडे सगळ्यांदेखत गाईपुढे ठेवले. मालक नुसते बघत राहिले, भागीदाराला बोलणार काय? मला त्या वेळी फार हसू आलं होतं. आज त्या हसण्याचा राग येतो.

मग अमरावतीहून सकाळच्या पॅसेंजरने सरकारी निरीक्षक आले.

“नोकर किती?”

“एकबी नाही साहेब,” मालक म्हणाले. “चौघंही मालक.”

“कप कोण विसळतं?”

“मालक.”

“आणि फडकं कोण मारतं?”

“तेबी मालकच.”

साहेबांनी करारनामा वाचला, स्टॅम्प उलटासुलटा करून पाहिला. मी पेपर पुढ्यात धरून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. साहेब जायला निघाले आणि दारात थांबले. त्यांनी पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

“नोकर नाहीत म्हणता. मग हा पगार कोणाचा वाढला?”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरचं पान उलटलं.

साहेब मामांकडे वळले. “तुम्ही सांगा. तुम्ही नोकर की मालक?”

त्या वेळी मामांनी ‘नोकर’ एवढा शब्द उच्चारला असता तर करारनामा तिथेच फाटला असता आणि त्यांचा पगार वाढला असता. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. पाटी वकिलाने लिहिली आहे, म्हणजे पहिल्या तारखेला वाढ मिळणारच, असं ते धरून चालले होते. त्यांनी टोपी सरळ केली. “मालक हावो, साहेब. स्टॅम्पावर हाय. आन् पगार बी आमचाच वाढला. पाटीवर लिवलं हाय ते खरं हाय.”

साहेबांनी ते शब्द लिहून घेतले, तक्रार नाही म्हणून वही मिटली आणि चहा घेतला. मामांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

पहिल्या तारखेला मामांनी वाढलेला पगार मागितला. मालक म्हणाले, “मालकाले कुठी पगार असते काय?” मग मामांनी नफ्यातला वाटा मागितला. नफा अजून ठरला नाही, असं त्यांना कळलं.

ते माझ्या टेबलाशी आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरच्या खुर्चीवर बसले. “वकीलसाहेब, तुमी लिवलं ते खरं का खोटं?”

मी पाच मिनिटं कायद्याच्या भाषेत बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मले येवढं नाही समजत. मी नोकर असन तं पगार द्या. मालक असन तं वाटा द्या. दोनातलं एक तं द्या. दोनी नसन, तं मी साहेबापुढं खोटं बोललो. आन् ते तुमी माह्याकडून बोलवलं.”

“बघतो, मामा,” मी म्हणालो. “काहीतरी करू.”

करण्यासारखं पुष्कळ होतं. अमरावतीला एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी पुरलं असतं. पण मग करारनामा कोणी लिहिला, हा प्रश्न निघाला असता. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण लाजेपेक्षा सनद जवळची वाटली. मी पोस्टकार्ड टाकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मामा बिनटोपीचे येऊ लागले.

दिवाळीनंतर जिनं सुरू झाली. एका सकाळी मी कोर्टाकडे जाताना जिनाच्या फाटकापाशी बायकांची गर्दी होती. “चला, शेठानीबाई,” असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्या हसल्या. जिला म्हटलं ती बाई मला पाहून पुढे आली. हॉटेलात डबा द्यायला येताना तिला मी पाहिलं होतं. मामांची बायको.

“वकीलसाहेब, तुमचे लय उपकार झाले,” ती म्हणाली. “जिंदगीभर लोकाईचे कप इसळले त्याईनं. तुमी त्याईचं नाव स्टॅम्पावर चढवलं. कागद देवापाशी ठेवला हाय आमी.” मग तिला खोकला आला आणि पदर तोंडाला लावून ती बराच वेळ खोकत राहिली.

“मग तुम्ही अजून जिनात का येता?” मी विचारलं. इतका निर्लज्ज प्रश्न मी कोर्टातही कधी विचारला नाही.

“थोडे दिस कळ काढ म्हनतात ते. वकीलसाहेब बघतो म्हनले हायेत.”

भोंगा वाजला आणि ती आत गेली.

मी हॉटेलात जाऊन बसलो. मामांनी चहा आणून ठेवला. मी बारा पैसे काढून टेबलावर ठेवले. त्यांनी ते बोटाने माझ्याकडे सरकवले.

“तुमचा फुकट ठरला हाय ना, वकीलसाहेब. ठरलं ते द्या लागते.”

मी तो चहा प्यालो.