हरले की दाढी काढतो

डॅलसच्या विमानतळावर मी सामानाची ढकलगाडी माझ्याच मुलासमोरून पुढे नेली. मागून "आई!" अशी हाक आली म्हणून वळून पाहिलं, तर एक दाढीवाला इसम माझ्याकडे बघून हसत होता. दाढी राखलेली म्हणावी अशीही नव्हती; गालांवर, गळ्यावर, वाट फुटेल तिकडे वाढलेली. आमच्या साताऱ्यात एखाद्याची अशी दाढी दिसली की लोक हळू आवाजात विचारतात, घरात कोणी गेलं का? माझ्या मनात मात्र नोकरीचं आलं. बरेच दिवस निखिल फोनवर कॅमेरा बंद ठेवून बोलत होता, त्याचा उलगडा झाल्यासारखं वाटलं.

"नोकरी गेली का रे?" मी पहिलंच विचारलं.

"आई, रिलॅक्स यार! प्लेऑफ चालू आहेत."

प्लेऑफ म्हणजे काय, ते गाडीत बसल्यावर कळलं. निखिल राहतो त्या फ्रिस्कोजवळ बर्फावरच्या हॉकीचा एक व्यावसायिक संघ आहे. दुसऱ्या फळीतला, पण निखिलचा जीव त्याच्यावर. प्लेऑफ (मोसम संपल्यावर वरच्या काही संघांत होणारे बाद सामने) सुरू झाले की खेळाडू दाढीला वस्तरा लावत नाहीत, थेट संघ बाहेर पडेपर्यंत. आणि त्यांच्याबरोबर त्यांचे चाहतेही.

"म्हणजे श्रावण पाळता," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली!" तो खुशीत म्हणाला. मी टोमणा मारला होता, तो त्याने कौतुक म्हणून घेतला.

मी आले होते त्याच्या साखरपुड्याला. मुलगी केतकी, इथेच जन्मलेली. आईवडील दोघेही डॉक्टर, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतात. समारंभ त्यांच्याच घरी होता. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांना एवढा विमानप्रवास झेपत नाही, म्हणून ते घरीच राहिले. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस. अंगात ताप असला तरी सकाळी आधी दाढी, मग औषध. निघताना त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं होतं. "फोटो चांगला काढून आण. पोराचा चेहरा नीट दिसू दे. मला तेवढंच बघायला मिळणार." आता त्या चेहऱ्यातले डोळे आणि नाक एवढंच शिल्लक होतं.

"साखरपुड्याआधी काढशील ना?"

"हरले की लगेच काढतो."

मग मी तरी काय करणार? बॅगेतला छोटा गणपती काढून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि हात जोडून त्या अनोळखी पोरांच्या पराभवासाठी प्रार्थना केली.

दुसऱ्याच संध्याकाळी निखिल मला सामन्याला घेऊन गेला. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येईना, आणि माझ्या अंगात स्वेटर, वर शाल. शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. टेक्सासच्या धड्यात बर्फ आल्याचं आठवत नाही. दाराशी तपासणी होती. पर्समधून भडंगाची पिशवी निघाली, तेव्हा रखवालदाराने ती उजेडात धरून पाहिली.

"मॅम, नो आउटसाइड फूड."

मी त्याला निदान चव तरी घेऊन बघ म्हटलं. त्यावर निखिलने मला दंडाला धरून बाजूला नेलं. भडंग गाडीत परत गेलं आणि आत आम्ही नाचोज (मक्याच्या कुरकुरीत तिकोनी चकत्या, त्यावर पातळ पिवळं चीज आणि मिरचीचे काप) खाल्ले. मिरची बरी होती. चीजबद्दल मी काही बोलले नाही असं मला वाटतं. निखिल म्हणतो, बोललीस.

या खेळात चेंडू नसतो, काळ्या रबराची चपटी चकती असते. असते असं लोक म्हणतात. मला ती बराच वेळ दिसलीच नाही. दोघे जण हातमोजे फेकून मारामारी करू लागले आणि पंच शांतपणे बघत उभे राहिले. माझ्या वर्गात हे चाललं नसतं. नंतर मात्र भांडखोरांना घड्याळ लावून काचेच्या खोलीत नेऊन बसवतात, ते मला फार पटलं. मध्यंतरात एक गाडी आली आणि अंगण सारवावं तसा सगळा बर्फ सारवून गेली. त्या दिवशीच्या सामन्यात मला तीच सगळ्यात आवडली.

शेजारच्या खुर्चीत बार्बरा होती. सत्तरी उलटलेली, अंगात नारिंगी जर्सी, हातात गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा. अख्ख्या मोसमाचं तिकीट काढलं की खुर्ची ठरलेली आणि शेजारही ठरलेला, त्यामुळे ती आणि निखिल कित्येक वर्षं शेजारी आहेत. तिने मला मिठी मारली आणि मोसमाची कहाणी सांगायला घेतली. ऑक्टोबरात सुरुवात झाली, लगेच गोलरक्षक जायबंदी झाला, नाताळपर्यंत संघ तळाला गेला. फेब्रुवारीपासून जे जिंकायला लागले ते थांबेनात. मला वाटलं, मी नाताळातच यायला हवं होतं.

मग ती सहज बोलून गेली की पहिल्या हिवाळ्यात निखिलची खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिने फोन केला होता. तो तापाने फणफणला होता. बरा होईपर्यंत ती रोज त्याच्या दाराशी सूप नेऊन देत होती.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा फोनवर तो मला "मजेत आहे" असंच सांगत होता. मी बार्बराचा हात धरला. तिने त्या हातात घंटा दिली.

त्या दिवशी संघ हरला. पार्किंगमध्ये मी हळूच विचारलं, "मग आज काढतोस ना?"

"आई, बेस्ट ऑफ सेव्हन असतं. चार वेळा हरावं लागतं."

एकाच संघाशी सात सात वेळा! आमच्या भावकीतसुद्धा इतक्यांदा कोणी समोरासमोर येत नाही.

पुढचे दिवस असेच गेले; सामन्यांची आणि दाढीची रोजची खबर मी ह्यांना फोनवर देत होते. जिंकले की निखिल सकाळी गात गात चहा करायचा. हरले की पोळी चिवडत बसायचा आणि मी तोंडावर दुःख ठेवायचे. होता होता दोन्ही संघांचे तीन तीन विजय झाले आणि सातवा सामना आला नेमका साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी. मी नवा रेझर आणून गाडीच्या खणात तयार ठेवला.

तो सामना बरोबरीत संपला. आता जादा वेळ. जो पहिला गोल करेल तो जिंकला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी निखिलकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले होते, ओठ हलत होते. बार्बराने डोळे मिटून त्याची बाही धरली होती. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो असाच उभा होता. आणि मी, त्याची आई, हा चेहरा पडावा म्हणून रोज हात जोडत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"बाप्पा, आधीचं सगळं कॅन्सल!" मी मोठ्याने म्हटलं आणि घंटा बडवायला लागले. त्यानंतर मला चकती दिसली. स्पष्ट दिसली, समोरच्या संघाच्या जाळ्यात जाताना. पुढचं नीट आठवत नाही. मी खुर्चीवर चढले होते असं निखिल म्हणतो. इतके दिवस एकमेकांना बडवणारे दोन्ही संघ मग रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवला. तेवढं पाहून मी शाल सावरली.

सकाळी लवकर शुगर लँडला निघालो. रस्ता सरळ, जमीन सपाट, मध्ये गावाएवढा एक पेट्रोल पंप. गाडीतून उतरलो तर हवा थेट रत्नागिरीची, घामाने साडी अंगाला चिकटली. केतकीने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, आय ट्राइड. ही लुक्स लाइक अ बेअर."

तिची आई दाढीकडे डॉक्टरच्या नजरेने बघत होती. "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"अगदी उत्तम. व्रत आहे त्याचं," मी ठणकावून सांगितलं. "अजून अंतिम फेरी व्हायची आहे."

अंगठ्या घातल्या, फोटो निघाले. ह्यांना व्हिडिओवर घेतलं. दोघं नमस्काराला वाकली. ह्यांनी आशीर्वाद दिला आणि पडद्याजवळ येऊन पोराचा चेहरा न्याहाळला. "अजून हरले नाहीत वाटतं," एवढंच म्हणाले आणि त्यांचा कॅमेरा बंद झाला. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. त्यानंतरही ते कॅमेरा बंद ठेवूनच बोलत राहिले, तेव्हा माझी खात्री पटली की माणूस दुखावलाय.

परतताना दुबईला विमान बदलायचं होतं. तिथे निखिलचा निरोप आला. "हरलो. फायनल गेली." सोबत फोटो. गुळगुळीत दाढी केलेला, नीट दिसणारा चेहरा, डोळे लाल. हाच चेहरा मी मागत होते, आणि तो बघून मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही हो, हॉकी. मुलगा तिकडे एकटा आहे ही काळजी मी जाताना बॅगेत भरून नेली होती. येताना ती राहिली नव्हती. तिच्या जागी बार्बराने दिलेली घंटा होती.

पुण्याच्या विमानतळाबाहेर हे काठी टेकून उभे होते. मी जवळ गेले आणि थांबले. गालांवर पांढरे खुंट, कुठे दाट, कुठे विरळ. लग्नानंतर इतक्या वर्षांत असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"हे काय?"

"पोरगा तिकडे पाळतोय," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "इथे बसून मी दुसरं काय करू शकतो? म्हटलं, सोबत करावी. तुला दिसू नये म्हणून कॅमेरा लावत नव्हतो."

मी त्यांना फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला. "चेहरा नीट दिसतोय," म्हणाले. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "मग आता काढायची का ही?"

"काढा," मी म्हटलं. "हरलो आपण."

त्यांनी मान हलवली, माझी बॅग ओढायला घेतली आणि चार पावलांवर थांबून विचारलं, "ऑक्टोबरात परत सुरू होतं ना?"