दहापैकी दहा

आमच्या ताईला सगळे ‘शिडी’ म्हणत. जाळीपलीकडचं बघायला तिला टाचासुद्धा उचलाव्या लागत नसत. पण आतून भित्री! आईनं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिला व्हॉलीबॉल खेळवलं होतं. परदेशातल्या क्लबनं तीन महिन्यांच्या चाचणीवर बोलावलं, तेव्हा तिचा उजवा गुडघा दुखत होता. हे फक्त मला माहीत होतं.

"कुणाला सांगू नकोस रे. परत पाठवतील."

तिथं सरावाआधी कपडे बदलायच्या खोलीत रोज एक कागद भरायचा असे. वर त्यांच्या भाषेत एक ओळ, खाली खेळाडूंची नावं आणि प्रत्येकीपुढे शून्य ते दहा आकडे. ओळ वाचता येईना, विचारायची छाती होईना. पण आकडे म्हणजे गुण, हे शाळेत गेलेल्या कुणालाही कळतं. तिनं दहाला गोल केला. मग रोज दहाच. बाकीच्या मुली दोन-तीनला गोल करत. बिचाऱ्या ढ असतील, असं हिला वाटे.

हळूहळू कप्तान तिची बॅग उचलू लागली. प्रशिक्षक तिच्याकडे बघून हळहळू लागले.

"मला काढणार बघ," ती फोनवर रडायची. "उगीच कोण एवढं गोड वागतं?"

भीतीपोटी ती आणखी उंच उड्या मारी आणि सुजलेला गुडघा लांब मोज्यात लपवी.

अठराव्या दिवशी क्लबच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. बाईंनी अठराही कागद टेबलावर मांडले आणि वरच्या ओळीचं मोबाइलवरचं भाषांतर तिच्यापुढे धरलं : ‘आज किती दुखतंय?’

जे लपवायला ताईनं जिवाचं रान केलं, ते ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं लिहून देत होती. तेही दहापैकी दहा!

बाईंनी कोरा कागद पुढे केला. आता खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. तिनं सहाला गोल केला.

बाईंनी गुडघा दाबून पाहिला, पंधरा दिवस विश्रांती लिहून दिली आणि क्लबनं चाचणीची मुदत तेवढीच वाढवली. बस्स, एवढंच.

संध्याकाळी फोन आला तेव्हा आई इस्त्री करत होती. मी स्पीकर लावला. ताईनं गुडघ्याची आणि त्या कागदाची सगळी गोष्ट सांगितली.

"आई, इथं दुखतं म्हटलं म्हणून काढत नाहीत गं!"

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. डावा हात उजव्या खांद्यावर नेला.

"मग ऐक बाई," ती म्हणाली, "माझा खांदा दोन वर्षं झाली, आठ आहे."