चार बोटं उघडी खिडकी

मी कुंभार सरांच्या गच्चीवर स्टुलावर उभा होतो. हातात साउंड लेव्हल मीटर होता आणि समोर सत्तावीस माणसं श्वास रोखून गप्प बसली होती. एका बाईंना शिंक आली तर त्यांनी पदर तोंडात कोंबला. आवाजाची तक्रार केलेली माणसं इतकी शांत बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देतात त्या विभागात, कामगारांच्या कानाला किती आवाज बसतो ते मोजायला कंपनीनं हा मीटर घेतला होता. दोन-तीन तालुक्यांत तेव्हा असा दुसरा मीटर नव्हता. म्हणून तहसीलदार साहेबांचं पत्र आमच्या मॅनेजरकडे आलं आणि मॅनेजरनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. "शिंगाडे, जाऊन या. मीटर सांभाळा. तुमचं तुम्ही बघा."

आमचे आजोबा मेंढरं राखायचे. कळपातल्या घंटांच्या आवाजावरून कुठलं मेंढरू मागं राहिलं ते त्यांना कळायचं. मला त्याच कामासाठी मशीन लागत होतं, एवढाच फरक.

भानगड अशी होती. बारामती-इंदापूर रस्त्याला कौसल्याबाईंचं संगीतबारीचं थिएटर होतं. संगीतबारी म्हणजे वग नाही, सोंगं नाहीत, फक्त पेटी, ढोलकी, गाणं आणि नाच. पत्र्याची मोठी शेड, तीसेक कलाकार, रोज संध्याकाळी सातला खेळ. पंचवीस वर्षं आजूबाजूला नुसता ऊस होता आणि उसानं कधी तक्रार केली नव्हती. मग दत्ताभाऊ नावाच्या बिल्डरनं शेजारचं रान एनए करून घेतलं, म्हणजे शेतीची जमीन घरं बांधायला मोकळी करून घेतली. तिथं चोवीस घरं उभी राहिली. नाव दिलं निवांत सोसायटी. दत्ताभाऊच्या छापील नकाशात थिएटरच्या जागी बाग दाखवली होती. बागेत कारंजंही होतं. "थिएटर सहा महिन्यात उठतंय," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. दीड वर्ष झालं तरी थिएटर उठलं नव्हतं. म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी कुंभार सर, हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक, यांनी तक्रार केली. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. माझा रिपोर्ट वाईट गेला तर परवाना अडकणार होता आणि तीस माणसांची चूल विझणार होती.

सात वाजले. थिएटरात खेळ सुरू झाला. मीटरवर एकावन्न डेसिबल. खेळ नसतानाही एकावन्नच होते. मला वाटलं मीटर बिघडला.

"आज मुद्दाम हळू वाजवतायत!" कुंभार सर ओरडले. मीटर एकदम ब्याऐंशीवर गेला. तेवढ्यावरून मीटर ठीक असल्याची माझी खात्री पटली.

सरांचं म्हणणं खरं होतं. मोजणीची तारीख आणि वेळ कचेरीनं रीतसर पत्रानं दोघांनाही कळवली होती. मी उतरून थिएटरात गेलो. तिथं जे चाललं होतं ते मी आजवर कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही. ढोलकीवर शाल गुंडाळली होती. नाचणाऱ्या बायकांनी चाळ काढून ठेवले होते. गाणारीनं तोंडाला हात लावून कानात सांगावी तशी लावणी चालवली होती. पब्लिक बाकांवरून पुढं वाकून कान देऊन ऐकत होतं. एक म्हातारा म्हणाला, "आरं मोठ्यानं म्हणा की. कोन मेलंय का हितं?"

कौसल्याबाई विंगेत उभ्या होत्या. साठीच्या, कपाळभर कुंकू, हातात अडकित्ता.

"बाई, रोजच्यासारखं वाजवा," मी म्हणालो. "असं मोजून उपयोग नाही."

"सायेब, रोजच्यासारखं वाजवलं तर परवाना जातोय. हळू वाजवलं तर पब्लिक जातंय. तुमीच सांगा, कुनाला जाऊ देऊ?"

वेळ काढायला मी कॅलिब्रेटर बाहेर काढला. ही डबीएवढी वस्तू असते. मीटरच्या तोंडाला लावली की ठरलेल्या ताकदीची एक शिट्टी वाजते, चौऱ्याण्णव डेसिबलची. मीटरनं तेवढाच आकडा दाखवला तर मीटर बरोबर. शिट्टी वाजली तसं पेटीवाले आप्पा मास्तर मान वाकडी करून ऐकू लागले. मग त्यांनी पेटीची एक पट्टी दाबली, पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "सायेब, तुमचं यंत्र चढलंय. पांढरी सातच्या वर हाय आन् पांढरी एकला पोचत न्हाय. कुठल्याच सुरात न्हाय ते."

"ते हजार हर्ट्झला असतं मास्तर. कंपनीनंच ठरवलेलं असतं."

"कंपनीला गानं येत न्हाय मग," मास्तर म्हणाले आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेले.

शेवटी कौसल्याबाईंनीच ढोलकीवरची शाल ओढून काढली. "वाजवा रं," त्या म्हणाल्या. "खोटं वाजवून परवाना नगं मला."

मी पुन्हा गच्चीवर गेलो. यावेळी अडुसष्ट. निवासी भागात दिवसाची मर्यादा पंचावन्नची.

"तेराच जास्त ना?" दत्ताभाऊ म्हणाला. तो मोजणी बघायला मुद्दाम आला होता. त्याला तेरा कमी वाटले म्हणून वाईट वाटत होतं.

मी समजावलं. डेसिबल किलोसारखे नसतात. तीन वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. कुंभार सरांनी तिथल्या तिथं बोटांवर हिशेब केला. "वीसपट!" ते आनंदानं म्हणाले. सगळ्या गच्चीनं टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तक्रार खरी होती. मीटर खोटं बोलत नाही आणि मलाही बोलायचं नव्हतं. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. प्रेस मशीन कानठळ्या बसवतं म्हणून कुणी प्रेस बंद करत नाही. आवाज येतो कुठून ते बघायचं, त्याची वाट अडवायची आणि मशीन चालू ठेवायचं. मी रिपोर्टात अडुसष्ट लिहिलं आणि खाली एक ओळ घातली, "योग्य उपाय केल्यास आवाज मर्यादेत येऊ शकेल." तहसीलदार साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली.

सोसायटीच्या बाजूची भिंत नुसत्या पत्र्याची होती आणि तिला सहा खिडक्या होत्या. आवाज तिथूनच जायचा. कौसल्याबाई म्हणाल्या, साखर कारखान्यावरून उसाचं भुसकट आणून पोती भरून रचू. मी हात जोडले. तुमचं पब्लिक बिड्या ओढतंय, एका ठिणगीत सगळं थिएटर जाईल. मग पब्लिकमधल्याच एका वीटभट्टीवाल्यानं विटा टाकल्या आणि पत्र्याच्या आत नऊ इंची भिंत उभी राहिली. ढोलकीवाल्यापासून नाचणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांनी विटा उचलल्या. पाच खिडक्या बुजवल्या. सहावी हवेसाठी ठेवली आणि तिला जाड फळ्यांची दुहेरी झडप बसवली.

पण आतल्या आत आवाज घुमत होता. तो शोषायला मऊ, जाड आणि सहज पेट न घेणारं काहीतरी हवं होतं. मला घोंगडी आठवली. लोकर सहसा पेटत नाही, नुसती जळून काळी पडते आणि विझते. कौसल्याबाईंनी खेळातच पब्लिकला सांगितलं, "पुढच्या बारीला येताना घरातलं एक जुनं घोंगडं आना." चार दिवसांत सत्तर घोंगडी जमली. सुप्याकडून, सांगवीकडून, कुठून कुठून धनगरांची पोरं मोटारसायकलवर घोंगडी बांधून आली. एकानं तर खांद्यावरचंच काढून दिलं आणि कुडकुडत खेळ बघितला. भिंतीवर घोंगड्यांचे दोन थर लागले. थिएटरात मेंढरांचा वास सुटला, पण आवाज बसला.

महिना संपला तसा मी पुन्हा गच्चीवर चढलो. खेळ बंद असताना पन्नास. खेळ चालू असताना पन्नास. कुंभार सरांनी स्वतः मीटर हातात धरून बघितला, मग सही केली. सगळ्यांनी चहा घेतला. मी मीटर पुसून कपाटात ठेवला आणि विषय संपला असं समजलो.

अठरा दिवसांनी कुंभार सर लूनावरून थेट कंपनीच्या गेटवर आले. डोळे सुजलेले.

"शिंगाडे साहेब, आता सगळं ऐकू येतंय."

"थिएटर?"

"थिएटर नाही हो! कदम! पलीकडच्या घरात कदम गुळण्या करतात ते ऐकू येतं. देशमाने बाई सुनेला काय म्हणतात ते ऐकू येतं. आणि काल भिंतीपलीकडून कदम त्यांच्या बायकोला सांगत होते, की मला त्रिकोणमिती येत नाही!"

याला आमच्यात मास्किंग म्हणतात. एक मोठा आवाज लहान आवाजांना झाकून ठेवतो. कारखान्यात कंप्रेसर बंद पडला की मगच शेजारच्या पंख्याची कुरकुर ऐकू येते. पंखा आधीही कुरकुरतच असतो. निवांत सोसायटीत दीड वर्ष, माणसं घरी येऊन बोलत बसतात नेमक्या त्याच वेळी, ढोलकीनं सगळ्यांची घरं एकमेकांपासून झाकून ठेवली होती. दोन घरांमधली भिंत दत्ताभाऊनं चार इंची बांधली होती. ढोलकी गेली आणि चोवीस कुटुंबं एकाच घरात राहायला आल्यासारखी झाली.

पुढच्या आठवड्यात तहसीलदार साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता.

"एक तक्रार होती, शिंगाडे. तुम्ही ती मिटवलीत. आता अकरा आहेत." त्यांनी एक कागद उचलला. "हे बघा. 'शेजारी रोज संध्याकाळी माझ्याविषयी कुजबुजतात. कुजबुज बंद करावी किंवा स्पष्ट बोलायला लावावे.' याच्यावर मी काय आदेश काढू?"

सगळ्यांना कचेरीत बोलावलं गेलं. सोसायटीचे लोक एकमेकांकडे पाठ करून बसले. शेवटी कुंभार सरच उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "थिएटरचा आवाज परत मिळाला तर बरं होईल. सगळा नको. थोडा."

कौसल्याबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "आदी म्हनला बंद करा. आता म्हनताय सोडा. मी काय नळ हाय व्हय?"

"बाई, विनंती आहे," सर म्हणाले.

"विनंती कागदावर द्या. परवान्याला आमची हरकत न्हाय, असं चोवीस घरांच्या सह्यांनी लिहून द्या. आन् ह्या दत्ताभाऊनं उरलेल्या प्लॉटांच्या खरेदीखतात लिहायचं, की शेजारी गान्याबजावन्याचं थिएटर हाय, ते आदीपासनं हाय आन् ऱ्हानार हाय. म्हंजी पुन्हा कुनी बाग बघून यायचं न्हाय."

दत्ताभाऊ हसला. "असलं खतात लिहिलं तर माझा एक प्लॉट खपणार नाही, बाई."

"मग भिंतींचं बोलू," कुंभार सर म्हणाले. "चार इंचाच्या."

अकराच्या अकरा तक्रारदार पहिल्यांदाच एका दिशेला वळले. दत्ताभाऊकडे. त्यानं रुमालानं मान पुसली. मग म्हणाला, "लिहितो की. त्यात काय एवढं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिसऱ्यांदा गच्चीवर होतो. खाली आप्पा मास्तर सहाव्या खिडकीच्या झडपेपाशी उभे, वर सोसायटी. खेळ चालू होता. मी हात वर केला की मास्तर झडप जराशी उघडायचे. सोसायटीतली दोन माणसं आपापल्या घरात बोलायला बसवली होती आणि बाकीची भिंतीला कान लावून होती. "अजून ऐकू येतंय!" असा निरोप आला की मी पुन्हा हात वर करायचो. चार बोटं झडप उघडली तेव्हा देशमाने बाई सुनेला काय म्हणतात ते कळेनासं झालं. मीटरवर चोपन्न. मर्यादेच्या एक खाली. सून सगळ्यात आधी हसली.

तहसीलदार साहेबांनी आदेशात लिहिलं, "सोसायटीकडील खिडकी खेळाच्या वेळी चार बोटे उघडी ठेवावी." तो फायलीत लावताना कारकुनानं विचारलं, "साहेब, बोटं कुणाची धरायची?" बराच विचार करून साहेबांनी कंसात लिहायला लावलं, "तक्रारदार श्री. कुंभार यांची." सरांना कचेरीत बोलावून कागदावर हाताचा ठसा घेतला गेला. त्याच्या मापाची लाकडी पाचर करून ती झडपेत ठोकली.

परवान्याचं त्या वर्षी नूतनीकरण झालं आणि नंतरही होत राहिलं. दत्ताभाऊचे उरलेले प्लॉट खतातल्या ओळीसकट विकले गेले. दोघा गिऱ्हाइकांनी ती ओळ वाचून थिएटरच्या जवळचा प्लॉट मुद्दाम मागितला म्हणे.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी एक नियम पाळला. कंपनीत कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं की मीटर काढायच्या आधी मी विचारायचो, "हा आवाज थांबला तर तुम्हाला काय ऐकू येईल, ते बघून आलात का?" बरेच जण बघून येतो म्हणून जायचे. त्यातले निम्मे परत यायचे नाहीत.